तिला काय कळतंय

काचवाल्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं, आणि तिथे त्याच्यापेक्षा त्याच्या लेकीचीच सत्ता जास्त चालायची. तिला चांगलं कागदोपत्री नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. घरात, गल्लीत, बापाच्या तोंडी ती ठकू. अडीच वर्षांची होती, तेव्हा आरसा घ्यायला आलेल्या एका जाडजूड गृहस्थाला तिने बजावलं होतं, "काका, हा नको घेऊ. यात तू मावत नाहीस." काचवाल्याने जीभ चावली. गृहस्थ पोट धरून हसला आणि मोठा आरसा घेऊन गेला. त्या दिवसापासून काचवाला तिला म्हणायचा, "ठकूबाई, तुम्हाला भागीदारीत घेतलं." ती कुणी विचारलं, न विचारलं तरी सांगायची, "माझे बाबा कातवाला आहेत." तिला च म्हणता येत नसे.

तिची आई बालवाडीत शिकवायची. सकाळी ती दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जाई आणि तिची स्वतःची पोर दुकानात काउंटरवर पाय हलवत बसे. काचवाला काच कापायला घ्यायचा तेव्हा ठकू श्वास रोखून बघायची. काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, म्हणजे हिरकणी, काचेवरून एका दमात ओढावी लागते, मध्ये हात थांबला की काच भलतीकडे फुटते. कर्र आवाज थांबला, काच बरोब्बर रेघेवर तुटली, की ती टाळ्या पिटायची. गिऱ्हाइकंही मग टाळ्या पिटायची. काचवाला वरवर वैतागायचा, पण त्या टाळ्यांसाठी तो उगाच एखादा तुकडा जास्त कापत असे.

तिथेच एका दुपारी तिच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि मग थडथडायला लागलं. काचवाल्याने तिला उचललं आणि तो तसाच, पायातल्या स्लिपरसकट दवाखान्याकडे पळत सुटला. दुकान सताड उघडं राहिलं. कुणी कशाला हात लावला नाही, ही गोष्ट गल्लीतले लोक पुढे कौतुकाने सांगायचे. ती निघाली की तो मात्र उठून जायचा.

फिट आली, एवढं कळलं. का आली, ते कळलं नाही. औषधं सुरू झाली, वाढली, बदलली. एका औषधाने ती झोपून राहायची, दुसऱ्याने रात्रंदिवस किरकिरायची, आणि फिट्स काही हटायला तयार नव्हत्या. रक्त तपासलं तर तेही चमत्कारिक निघालं. तांबड्या पेशी काही एवढ्याशा, काही मोठ्या, काही वेड्यावाकड्या. लोह दिलं, रक्त चढवलं, काही उपयोग झाला नाही. टोचून टोचून तिच्या हातांची चाळण झाली. नर्सला शीर सापडायची नाही, मग पायाला टोचायचं, मग डोक्याला. दर वेळी काचवाल्याने तिला धरून ठेवायचं, हे ठरूनच गेलं होतं, कारण आईच्याने ते होत नसे.

हळूहळू ठकूचं बोलणं गेलं. आधी मोठी वाक्यं गेली, मग सुटे शब्द, मग हाका. चालणं गेलं. मान धरणं गेलं. शेवटी ती पडून असायची, डोळे उघडे, आणि ते डोळे माणसावरून असे सरकायचे, जसे भिंतीवरून सरकावेत. मोठ्या डॉक्टरांनी फार जपून सांगितलं की मेंदूत आता फारसं काही उरलेलं दिसत नाही. काचवाला रोज तिला आंघोळ घालायचा, नखं कापायचा, कूस बदलायचा. बोलायचा मात्र नाही. आधी बोलायचा. मग त्याला वाटायला लागलं की आपण रिकाम्या घराचं दार ठोठावतो आहोत.

पाचवं वर्ष लागलं आणि तिला न्यूमोनिया झाला. नळी, मशीन, मग नळी काढली, मग पुन्हा धाप. मोठे डॉक्टर कॉटपाशी आले आणि काचवाल्याला म्हणाले, "जरा बाहेर येता का? बोलायचं होतं."

काचवाला थकला होता. त्याचे पाय सुजले होते. तो म्हणाला, "इथेच बोला ना, साहेब. तिला काय कळतंय?"

डॉक्टरांनी मग तिथेच विचारलं. पुन्हा श्वास थांबला तर नळी घालायची की नाही? घातली तर आणखी थोडे दिवस निघतील. काचवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती मुलीचे पाय दोन्ही हातांत धरून बसली होती, तिने मान वर केली नाही. तो म्हणाला, "नको. पुरे आता. सुटू दे तिला."

आणि तो चहा प्यायला बाहेर गेला. चहा प्यायला का गेलो, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं. परत आला तेव्हाही ती होती. संध्याकाळी गेली.

दोघं जगत राहिली. बायको महिनाभर बालवाडीत गेली नाही, मग गेली. ठकूचे कपडे तिने कुणाला तरी देऊन टाकले. फोटो होता, तो काचवाल्याने स्वतः चौकट करून भिंतीला लावला होता. तो एके दिवशी बायकोने काढून कपाटात ठेवला. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यांच्यात भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी मुलगा झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पहिलीचं कारणच कळलं नाही, तेव्हा दुसऱ्याचं काही ठामपणे सांगता येत नाही, पण घाबरू नका. मुलगा असा रडायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारायच्या, "अहो, कारखान्याची शिफ्ट सुटली का?" त्याचं नाव पडलं भोंग्या. काचवाला त्याला दुकानात नेत नसे. काच आहे, लागेल, म्हणायचा. बायको हं म्हणायची.

भोंग्या दोन वर्षांचा झाला, आणि एका सकाळी दूध पिता पिता त्याच्या हातातून पेला सुटला.

बायकोने किंकाळी फोडली नाही. तिने पोराला कुशीवर केलं, तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तेच आहे."

या वेळी दवाखान्यात एक नवी डॉक्टरीणबाई होती. तिने भोंग्याचं रक्त पाहिलं, पहिल्या मुलीचं सगळं खोदून खोदून विचारलं, आणि म्हणाली, "मला याची जनुकं तपासायची आहेत. तुम्हा दोघांचीही. थोडं रक्त लागेल."

काचवाला उठून उभाच राहिला. "नाही. आता सुई नाही. एकीला मी मरेपर्यंत धरून ठेवलं, बाई. माझ्या या हातांनी. काय मिळालं? याला मी नाही धरणार."

"तुम्ही नका धरू," बायको म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मी धरते. आधी माझं घ्या, मग त्याचं घ्या."

"तुला माहीत आहे याचा शेवट काय होतो!"

"मला माहीत आहे. म्हणूनच."

तो दार आपटून निघून गेला. चौकापर्यंत गेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि तासाभराने परत येऊन त्याने मुकाट्याने स्वतःचा दंड पुढे केला.

उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि तेवढ्यात भोंग्या बहिणीच्या वाटेनेच उतरू लागला, तिच्याहून झपाट्याने. बोलणं गेलं, उभं राहणं गेलं, मान लुळी पडली. त्यात इमारतीची लिफ्ट बिघडली. दर दोन दिवसांनी दवाखाना, आणि घर चौथ्या मजल्यावर. काचवाला त्याला खांद्यावर टाकून जिने चढायचा-उतरायचा. पहिल्या पायरीवर त्याच्या तोंडून दर वेळी तेच निघायचं, "चला साहेब. लिफ्ट बंद, बाबा चालू." हे तो पोरासाठी म्हणत नव्हता. स्वतःच्या गुडघ्यांसाठी म्हणत होता. खांद्यावरचं पोर ओल्या कपड्यासारखं लोंबत असायचं.

एके दिवशी डॉक्टरीणबाईने दोघांना बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काचवाल्याला ओळखता येईना. डॉक्टरच्या चेहऱ्यावर त्याने ते आधी कधी पाहिलंच नव्हतं.

"सापडलं," ती म्हणाली. "बसा. मी समजावते, नाही कळलं तर थांबवा."

तिने सांगितलं ते असं. शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर तिला डीएनएची नवी प्रत लागते, आणि ती प्रत लिहायला अक्षरं लागतात. त्यातली काही अक्षरं घडवायचं काम एका एन्झाइमकडे असतं. "एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार समजा. बहुतेक कामगार एकेकच काम करतात. हा एकटा लागोपाठ तीन कामं करतो. सुरुवातीची तिन्ही कामं याच्याच अंगावर. तो अडला की पुढचं सगळं अडतं. मग अक्षरं अपुरी पडतात. मेंदूला पुरत नाहीत, म्हणून फिट्स. रक्ताला पुरत नाहीत, म्हणून त्या वेड्यावाकड्या पेशी."

"हे कुणाकडून आलं?" बायकोने विचारलं.

"दोघांकडून. या एन्झाइमचा नमुना प्रत्येकाकडे दुहेरी असतो, एक आईचा, एक वडिलांचा. तुमचा दोघांचाही एकेक बिघडलेला आहे. एक चांगला असला की माणसाचं भागतं, म्हणून तुम्हाला कधी कळलंच नाही. मुलाला नेमके दोन्ही बिघडलेले मिळाले. यात कुणाचा दोष नाही."

काचवाला म्हणाला, "म्हणजे आता काय, वाट बघायची?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "यावर औषध आहे. युरिडीन नावाची पावडर. पाण्यातून द्यायची. तो कामगार जे घडवू शकत नाही, ते आयतंच पोटात गेलं की पेशी दुसऱ्या वाटेने ते वापरून घेते. सगळ्यांना सारखाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना आला, त्यांना फार आला."

"एवढंच? पावडर?"

"एवढंच."

बायकोने पदर तोंडावर घेतला नाही, रडली नाही. तिने विचारलं, "आणि माझ्या मुलीला?"

ठकूच्या रक्ताचा थोडा अंश दवाखान्याने जपून ठेवला होता. त्यांची हरकत नसेल तर तोही तपासता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. काही आठवड्यांनी ते उत्तरही आलं. तोच कामगार, तोच बिघाड.

तोवर भोंग्याच्या फिट्स थांबल्या होत्या. आठवड्याभरातच थांबल्या, जसा कुणी कळ दाबून दिवा बंद करावा. मग एके दिवशी त्याचे डोळे खिडकीवरून सरकता सरकता अडले. तो कबुतर बघत होता. मग मान सावरली. मग तो बसायला लागला, आधी उशांच्या आधाराने, मग उशा फेकून देऊन. आणि पुन्हा त्याचा तो कारखान्याचा आवाज सुरू झाला. खालच्या काकू वर आल्या, दारातच रडल्या आणि म्हणाल्या, "करा, करा, कितीही आवाज करा!"

काचवाला पेढ्यासारखा गोड चेहरा करून सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारत होता. पावडर मात्र तो देत नसे. ते काम बायकोचं. डबा शेल्फावर दिसला की तो नजर वळवायचा. तो डबा त्याच्या पंज्यात मावेल एवढा होता. त्याला राहून राहून वाटायचं, काहीतरी मोठं असायला हवं होतं. मोठं ऑपरेशन, परदेशातला डॉक्टर, घर विकावं लागेल असं काहीतरी. एवढ्याशा डब्याला काय अर्थ आहे?

भोंग्या भिंत धरून चालायला लागला, दोनतीन शब्द जोडू लागला, तेव्हाची ही गोष्ट. लिफ्ट केव्हाच दुरुस्त झाली होती. त्या दिवशी वीज गेली म्हणून काचवाल्याने त्याला कडेवर घेतलं आणि तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी आला. तो काही बोलला नाही. बोलायच्या आधीच कानाशी बोबडा आवाज आला, "तला शाहेब. लिप्ट बंद, बाबा तालू."

काचवाला जागच्या जागी थिजला. त्या दिवसांनंतर ते शब्द त्याने एकदाही उच्चारले नव्हते. उच्चारले होते ते फक्त तेव्हा, जेव्हा हे पोर ओल्या कपड्यासारखं खांद्यावर पडलेलं असायचं.

"काय म्हणालास?"

"बाबा तालू!" भोंग्याने त्याच्या कानावर चापट मारली. "तल!"

तो चढला कसा, ते त्याला कळलं नाही. पोराला आईच्या हवाली केलं आणि तो तसाच उलट पावली दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई निघायच्या तयारीत होती. त्याने दारातच विचारलं, "त्याला ऐकू येत होतं?"

त्याने जिन्यावरचं सांगितलं. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

"येत असावं," ती म्हणाली. "आपल्याला बाहेरून काही दिसत नाही, पण आत सगळं विझलेलं असतंच असं नाही."

"मग तिलाही येत असणार."

तिने हातातली पर्स टेबलावर ठेवली.

"सांगा ना, बाई. मी लहान नाही."

"मला खात्रीने सांगता येणार नाही. पण येत असण्याची शक्यता आहे. हो." मग ती घाईने म्हणाली, "तिच्या वेळी हे औषध द्यायचं कुणाला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या शेवटच्या आजारात नळी घातली असती तरी ती वाचली नसती. तो निर्णय चुकला नाही तुमचा."

"निर्णयाचं नाही विचारत मी," काचवाला म्हणाला, आणि नमस्कार करून निघाला.

त्यानंतर त्याच्या हातून काचा फुटायला लागल्या. रेघेवर हिरकणी ठेवली की मध्येच हात थांबायचा. गिऱ्हाइकं परत जायला लागली. बायको बघत होती. एका दुपारी भोंग्याला खालच्या काकूंकडे सोडून ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बोला."

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. "मी तिच्यासमोर बोललो. ‘तिला काय कळतंय’ म्हणालो. ‘सुटू दे’ म्हणालो. ती ऐकत होती ग. बापाचं शेवटचं बोलणं ते ऐकलं तिने. वर चहा प्यायला गेलो."

बायकोने रस्त्याकडे पाहिलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "भोंग्या मलाही तसंच एक म्हणाला मागे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"तू तेव्हा मला थांबवलं का नाहीस? बाहेर जाऊन बोला, एवढं तरी म्हणायचंस!"

"कारण मलाही तेच हवं होतं. ती सुटावी असं मलाही वाटत होतं. तुम्ही बोललात, मी गप्प बसले. गप्प बसणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, एवढाच फरक. आणि तरी मी तुमच्यावर रागावले होते. अजून आहे. खोटं कशाला बोलू? तो फोटो मी काढला ना, तो तुमच्या हातची चौकट बघवेना म्हणून."

तिला ते सांगायला एवढी वर्षं लागली होती, आणि त्याला ऐकून आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्ही चहाला गेल्यावर मी तिच्याशी बोलले," ती म्हणाली.

"काय बोललीस?"

"कायकाय. बालवाडीतल्या पोरांच्या खोड्या सांगितल्या. तिचं ते आरशाचं सांगितलं."

"माझं काही?"

"सांगितलं ना. म्हटलं, बाबा असं बोलले ते मनावर घेऊ नकोस हं ठकू. बाबा घाबरलेत. घाबरले की ते असं काहीतरी बोलतात."

काचवाला काउंटरवर डोकं टेकून रडला. मुलगी गेली तेव्हा तो असा रडला नव्हता. समोरून जाणारे लोक थबकले, मग समजून पुढे गेले. बायको उठून त्याच्या पाठीमागे उभी राहिली. तिने पाठीवर हात ठेवला नाही, पण ती गेलीही नाही.

"तुला वाटत होतं का, ती ऐकतेय असं?" त्याने विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "काही वाटत नव्हतं. तोंड आपलं बोलत होतं."

राग गेला असं काही झालं नाही. कधी मध्येच तो उसळायचा, भाजीत मीठ जास्त झालं की, किल्ली सापडेनाशी झाली की. पण आता निदान दोघांना कळायचं की भांडण मिठाचं नाही.

पुढच्या रविवारी बायको आंघोळीला गेली असताना औषधाची वेळ झाली. काचवाल्याने डबा खाली काढला. चमच्याने मापून पावडर पेल्यात घातली, पाणी ओतलं, ढवळलं. एक कणही सांडला नाही. भोंग्या जमिनीवर बसून त्याच्याकडे टकामका बघत होता.

"बाबा देनाल?"

"हो, आज बाबा देणार." तो त्याच्याजवळ खाली बसला. मग त्याने ते सांगितलं, जे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. "भोंग्या, तुला एक ताई होती. ठकूताई."

"कुथे आहे?"

"नाही आता. आजारी पडली. तुझ्यासारखीच."

भोंग्याने पेल्याकडे पाहिलं. "ती पण पावदल प्यायची?"

"नाही, राजा. तिला नाही मिळाली."

"का?"

"कुणाला माहीतच नव्हती."

भोंग्याने जरा विचार केला. पेला दोन्ही हातांनी उचलून त्याने अर्धा प्यायला आणि उरलेला बापापुढे धरला.

"ही ताईला दे."

न्हाणीघराचं दार उघडून बायको ओल्या केसांनी तिथेच उभी होती. काचवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग पेला पुन्हा मुलाच्या ओठांना लावला.

"तू पी," तो म्हणाला. "सगळं पी."